पाऊस न थांबवणारा जादूगार

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यांत थेंब घालायचे दिवस सरले आणि डॉक्टर म्हणाले, "आता वाचा हवं तेवढं." मी घरी येऊन ट्रंक उघडली आणि त्यातलं सगळ्यात बारीक टाइपाचं पुस्तक काढलं. अमेरिकन लेखिका अर्सुला के. ले ग्विन यांची अद्भुत कादंबरी, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. कसरीने मुखपृष्ठाचा एक कोपरा खाल्लेला, पानं तपकिरी झालेली. बाहेर आषाढ लागलेला, मिरकरवाडा बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. रत्नागिरीत या दिवसांत वाचनाला दुसरी कसलीही सबब लागत नाही.

हे पुस्तक माझ्याकडे आलं मामामुळे. मामा बोटीवर होता, डेकवरचा खलाशी. आमच्या बाजूला अशी बोटीवर गेलेली माणसं घरटी सापडतात. १९८३ साली तो सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी हे पातळसं पुस्तक घेऊन आला. जहाजावरच्या कुणा अधिकाऱ्याने मेसमध्ये टाकून दिलेलं. मामाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आत नकाशा होता. नकाशा म्हणजे भूगोल, आणि भाची कॉलेजात भूगोल शिकते, एवढा हिशेब त्याला पुरला. ओटीवर बसून त्याने तो नकाशा माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हा कुठला मुलूख गो? एवढी बंदरं हिंडलो, यातलं एक नाव ऐकलेलं नाय."

पानभर समुद्र आणि त्यात शेकडो बेटं. ले ग्विनबाईंनी गोष्टीच्या आधी हा नकाशा काढला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आधी बेटं, मग त्यांवर राहणारी माणसं. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत भूगोल शिकवला तेव्हा मीही वर्गात तसंच करत आले. फळ्यावर आधी किनारा काढायचा, मग विचारायचं, इथे कोण राहत असेल, काय खात असेल, कुठल्या वाऱ्याची वाट बघत असेल.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा शेळ्या राखणारा आईवेगळा पोरगा. त्याच्या अंगात जादूची मोठी ताकद आहे. त्याचं खरं नाव गेड. रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत तो शिकायला जातो आणि एका मुलाशी ईर्ष्येने पैज लावून मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते आणि त्याच्या मागे लागते. आधी तो तिच्यापासून पळतो, मग वळून तिचा पाठलाग करतो, आणि शेवटी सगळ्या बेटांच्या पलीकडे भर समुद्रात तिला गाठतो. पुस्तक १९६८ सालचं. एका प्रकाशकाने थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून सांगितलं, त्यातून झालेलं. बाईंचा स्वतःचा सुरुवातीचा प्रश्न मला फार आवडतो. गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात. पण ते म्हातारे होण्याआधी कोण होते, आणि शिकले कुठे?

कॉलेजात असताना मी हे झपाटल्यासारखं वाचलं. पैज, सावली, पेंडोर बेटावरचा ड्रॅगन, बहिरी ससाण्याचं रूप घेऊन समुद्र ओलांडणं. आणखी एका गोष्टीने तेव्हा मला भारून टाकलं होतं. गेडची कातडी तांबूस तपकिरी आहे. त्याचा मित्र वेच काळासावळा आहे. गोरे आणि पिवळ्या केसांचे आहेत ते पूर्वेकडून येऊन गावं जाळणारे लुटारू. लेखिका हे कुठे ठासून सांगत नाही, जाता जाता एखाद्या वाक्यात येतं. तोपर्यंत वाचलेल्या प्रत्येक इंग्रजी गोष्टीत मी कुठेतरी पाहुणी होते. इथे मला कुणी आत या म्हणावं लागलं नाही. पुढे अनेक वर्षं मुखपृष्ठांवर गेडला गोरा रंगवत राहिले आणि २००४ साली टीव्हीवरच्या मालिकेत तर त्या भूमिकेला गोरा नटच घेतला. बाईंनी त्याविरुद्ध उघडपणे लिहिलं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं.

आता साठी उलटल्यावर मात्र मी भलत्याच पानांवर थांबले.

पहिल्यांदा थांबले ते पावसात. गेडचा पहिला गुरू ओगियन. मौनी ओगियन म्हणतात त्याला. एकदा गाँटचा डोंगर हलायला लागला तेव्हा त्याने भूकंप शांत केला होता, एवढा मोठा जादूगार. तो गेडला घेऊन स्वतःच्या घराकडे चालत निघतो. वाटेत पाऊस येतो. बेटांवरचा कुठलाही साधा हवामानवाला ढगाला पलीकडे ढकलतो; पलीकडचा आणखी पलीकडे, असा तो ढग टोलवत टोलवत समुद्रावर जाईपर्यंत. ओगियन काही करत नाही. पाऊस जिथे पडायचा तिथे पडू देतो. एक दाट झाड बघून त्याखाली आडवा होतो. गेड ठिबकणाऱ्या झुडपांत कुडकुडत बसतो आणि मनात म्हणतो, एवढी विद्या असून जर वापरायचीच नाही, तर उपयोग काय?

विशीत मी गेडच्या बाजूने होते. शंभर टक्के. आणि ती बाजू चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. तरुण माणसाने भिजताना हाच प्रश्न विचारायला हवा. पण या वेळी मला ओगियनच्या बाजूची जमीन दिसली. इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. तो दारातून ढकलला तर कुणाच्या तरी दारात पडणारच आहे. बेटांच्या त्या जगात जादूचा पहिला धडा हाच आहे. रोकच्या शाळेत गेड एका मास्तरांना विचारतो की खडा कायमचा हिरा कसा करायचा. मास्तर सांगतात, तो खडासुद्धा जगाचा भाग आहे, तो बदललास तर जग बदललंस. त्याच्या मागोमाग काय बरं-वाईट येईल ते कळेपर्यंत खड्याला खडाच राहू दे.

हा धडा मी स्वतः कित्येक वर्षं शिकवला आहे, फक्त त्यात जादूगार नव्हता. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळूला किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे नेत राहतात. एका जागी भिंत घातली, जेटी पुढे नेली, की पुढच्या किनाऱ्याला येणारी वाळू अडते आणि तो धुपायला लागतो. मग तिथे भिंत घालायची. मग त्याच्या पुढे. मिऱ्याचा बंधारा ज्यांनी उधाणात पाहिला आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. काळ्या दगडांवरून पाणी उसळून रस्त्यावर येतं. पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावर माझ्या लहानपणी वाळूत धावत दम लागायचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याला येऊन लागलं आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं, त्याचे फोटो सगळ्यांनी काढले. त्या जहाजाच्या आसपासची वाळू कुठे गेली, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. बंधारा नको असं मी म्हणत नाही. ज्याच्या पडवीत पाणी येतं त्याला ढग पलीकडे ढकललेला हवाच असतो. पण ढग कुणाच्या दारात गेला, हे विचारणारा ओगियन आपल्याकडे कोण आहे?

माझा एक जुना विद्यार्थी आज ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. बंदीच्या दिवसांत जाळी विणता विणता कंटाळला की अधूनमधून घरी येतो. त्याला मी ही पावसाची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं त्याला ओगियन वेडा वाटेल. समुद्रावर जाणाऱ्याला वारा हातात असला तर हवाच असणार. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाई, फयानच्या वेळी प्रत्येकजण वादळ दुसरीकडे जाऊ दे म्हणत होता. दुसरीकडे म्हणजे कुठे? तिकडेपण आपलीच माणसं होती." फयान वादळ म्हणजे ११ नोव्हेंबर २००९ ची गोष्ट. त्या दिवशी बोटी समुद्रात होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात काही बाकं रिकामी होती, कारण मुलं आयांबरोबर जेटीवर उभी होती.

ले ग्विनबाईंच्या वडिलांकडे 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाची जुनी प्रत होती आणि लहानपणापासून तो ग्रंथ त्यांच्या सोबत राहिला. १९९७ मध्ये त्यांनी त्याचं स्वतःचं इंग्रजी रूपही प्रसिद्ध केलं. न करण्यातलं करणं त्यांना तिथून मिळालं असणार. पण मला ते मिळालं ते ओगियनच्या पावसातून. या पुस्तकाकडे ताकदीची गोष्ट म्हणून बघायची माझी सवय इथे सुटली. ताकद असलेला माणूस कुठे हात आवरतो, आणि कुठे आवरू शकत नाही, याची ही गोष्ट आहे.

आवरू शकत नाही ते पेचव्हारीच्या घरात.

शिक्षण संपल्यावर गेडची पहिली नेमणूक होते लो टॉर्निंग नावाच्या लहानशा बेटावर. आजूबाजूला तशीच नव्वद बेटं, एकमेकांना चिकटून, मध्ये खाड्या. तिथलं त्याचं रोजचं काम म्हणजे होड्या. फळ्या सुटू नयेत, पाणी आत येऊ नये म्हणून मंत्र म्हणायचे. पेचव्हारी हा त्याचा शेजारी, होड्या बांधणारा. गेड त्याच्या होडीला मंत्र घालून देतो आणि पेचव्हारी त्याला मंत्राशिवाय होडी हाकायला शिकवतो. शीड कसं फिरवायचं, अरुंद खाडीत सुकाणू कसं धरायचं. पहिल्या वेळी ड्रॅगन कधी येतो म्हणून ही पानं मी भराभर उलटली होती. या वेळी ती दोनदा वाचली. भाट्याच्या खाडीकाठी लाकडी होडी बांधताना मी लहानपणी तासन् तास बघत बसलेली आहे. फळी गरम करून वाकवायची, फटीत कापूस ठासायचा, वरून राळ. आता फायबरच्या होड्या आल्या आणि ते हात कमी झाले. होडी बांधणारा आणि जादूगार एकाच फळीवर दोन बाजूंनी काम करताहेत, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या कसबाबद्दल आदर आहे, असं चित्र मला दुसऱ्या कुठल्या अद्भुत कादंबरीत भेटलेलं नाही. तिथे जादू हा सुतारकामासारखा धंदा आहे, गावाला लागणारा.

एका रात्री पेचव्हारी धावत येतो. त्याचा छोटा मुलगा इओएथ तापाने फणफणलेला. गेड बघतो आणि त्याला कळतं की मूल जाणार. शाळेत औषधोपचार शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिलाच धडा दिलेला असतो. जखम भर, आजार बरा कर, पण निघालेल्या जिवाला जाऊ दे. आई गेडचा चेहरा बघून हंबरडा फोडते. बाप तिला म्हणतो, हे वाचवतील त्याला. आणि त्या विश्वासापुढे गेडला नाही म्हणता येत नाही. स्वतःला जे दिसलं त्यावरच तो शंका घेतो. तो मुलाच्या मागे जातो, अंधारातल्या उतारावरून खाली, जिथे जिवंत माणसाने जायचं नसतं. मूल हात सुटून पुढे पळतं. परत फिरताना दगडांच्या एका बुटक्या गडग्याच्या पलीकडे ती सावली त्याची वाट बघत उभी असते.

विशीत मला यात फक्त सावली दिसली होती. भीती वाटली होती आणि मजाही आली होती.

माझी आई गेली ती अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का. धाकटा भाऊ म्हणाला, लावा. तो पेचव्हारीसारखाच बोलत होता, पूर्ण विश्वासाने, यंत्र आहे तर वाचेल. वहिनी रडत होती. मी मोठी, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. त्या डॉक्टरांचा चेहरा मला आज पानावर दिसला. तरुण होते. त्यांना कळलेलं होतं आणि आमच्या चेहऱ्यांपुढे ते सांगवत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगितलं, हळू आवाजात, पण सांगितलं. आम्ही आईला घरी आणलं. तिच्या खोलीतून नारळीची झाडं दिसतात. भावाला ते पटायला पुष्कळ दिवस लागले आणि अजून पूर्ण पटलं आहे असं मी म्हणणार नाही.

म्हणून त्या पानावर मला गेडचा राग येत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराकडे आईबाप असे बघत असताना गप्प उभं राहायला किती ताकद लागते, हे मला माहीत आहे. ले ग्विनबाईंनी त्याचं कारण गर्व दाखवलं नाही, हेच मोठं आहे. रोकवर सावली बोलावली तेव्हा गर्व होता. इथे माया आहे. तरीही नियम तोच आणि परिणामही तोच. मुलांच्या पुस्तकात एवढं कठोर आणि एवढं न्याय्य लिहायला धारिष्ट लागतं.

याच्या लगेच पुढे ड्रॅगन येतो, आणि तोही आता वेगळा दिसला. आपण इथे राहिलो तर सावली या गरीब कोळ्यांच्या गावात येईल, हे गेडला कळून चुकलेलं असतं. पण ड्रॅगनची भीती असताना त्यांना सोडून जाणं बरोबर नाही. म्हणून तो एकटाच होडी घेऊन पेंडोरला जातो. ड्रॅगन येव्हॉड म्हातारा आणि धूर्त. तो सौदा मांडतो. तुझ्या मागे लागलेल्या त्या गोष्टीचं नाव मी तुला सांगतो. त्या जगात नाव कळलं की सत्ता आली. गेडचा जीव वाचेल. आणि गेड ते नाव घेत नाही. ड्रॅगनचं नाव त्याने जुन्या पोथ्यांवरून ताडलेलं असतं, त्याच्या जोरावर तो एकच वचन मागून घेतो, तू आणि तुझी पोरं या बेटांकडे कधी येणार नाही. कॉलेजात मी हा प्रसंग मैत्रिणींना सांगायचे तेव्हा आग, पंख, मनोरा एवढंच सांगायचे. हाताशी आलेलं औषध त्याने त्या कोळीवाड्यासाठी टाकून दिलं, हे माझ्या सांगण्यात कधी आलंच नव्हतं.

मग वाळूच्या दांड्यावरची ती दोन म्हातारी माणसं. भाऊ आणि बहीण, लहानपणी कुणीतरी तिथे आणून टाकलेली. त्यांना दुसरी माणसंच ठाऊक नाहीत. होडी फुटून गेड तिथे लागतो. म्हातारी त्याला घाबरत घाबरत शिंपले देते, आणि जपून ठेवलेला कड्याचा एक तुकडा देते. निघताना गेड त्यांना बरोबर चला म्हणतो. म्हातारा नाही म्हणतो. मग गेड त्यांच्या मचूळ झऱ्यावर मंत्र घालतो आणि पाणी गोड होतं. बस, एवढंच. किनाऱ्याला राहणाऱ्याला विचारा मचूळ विहीर म्हणजे काय. मे महिन्यात आमच्याकडे चहा खारट लागतो. त्या दोघांना न्यायला येत नव्हतं, त्यांचं आयुष्य परत करता येत नव्हतं, पण पाणी गोड करता येत होतं, ते त्याने केलं. कड्याच्या त्या तुकड्यावर पुढचं सबंध पुस्तक उभं आहे, हे पहिल्या वाचकाला कळायला वाव नाही. मला आता कळत होतं, आणि म्हातारीचा हात पुढे आला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं.

आणि अर्थात तो कोळी. गेडला नवी होडी हवी असते. एका म्हाताऱ्या कोळ्याकडे असते, जुनी पण चांगली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गेड तो बरा करतो आणि मोबदल्यात होडी घेतो. म्हातारा आनंदाने म्हणतो, हिचं नाव बदल, 'लुकफार', म्हणजे लांबचं बघणारी, असं ठेव, आणि नाळेच्या दोन्ही अंगांना डोळे रंगव. माझे आभार त्या डोळ्यांतून तुझ्यासाठी खडक आणि कातळ बघत राहतील. हा प्रसंग पुस्तकात आहे हे मला अजिबात आठवत नव्हतं. मी नवा डोळा घेऊन तिथे पोचले. किती वेळ खिडकीत बसून होते, सांगता येणार नाही.

वेचबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहायला गेले तर थांबणार नाही. शाळेतल्या त्या रात्रीनंतर गेड खचलेला असतो, सगळे त्याला टाळतात. तेव्हा वेच त्याला स्वतःचं खरं नाव सांगतो, एस्टारिओल. न मागता. खरं नाव हातात देणं म्हणजे जीव हातात देणं. आणि शेवटच्या सफरीला तो लुकफारमध्ये चढून बसतो. मी सुरुवातीला होतो, शेवटालाही असणार, एवढंच त्याचं म्हणणं. तो लढत नाही, मंत्रही फारसे म्हणत नाही. सुकाणू धरतो. मला आता वाटतं की या पुस्तकातला सगळ्यात धीराचा माणूस तोच, कारण एकट्याने होडी परत आणावी लागेल हे माहीत असूनही तो चढतो.

आता ज्या गोष्टीशी माझं भांडण आहे ती. गाँट बेटावर एक म्हण चालते, बाईची जादू म्हणजे दुबळी, बाईची जादू म्हणजे दुष्ट. गेडला पहिले मंत्र शिकवणारी त्याची मावशी गावची चेटकीण. लेखिका तिला अडाणी आणि थोडी लबाड करून बाजूला सारते. रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. वेचची बहीण यॅरो हुशार आहे, प्रश्न विचारते, पण भाकऱ्या भाजून किनाऱ्यावर राहते. विशीत हे मला खटकलं नाही, कारण जगही तसंच होतं. आता खटकलं. आमच्या वाडीत माझी आजी बाळंतपणं करायची. झाडपाला तिला ठाऊक होता. वाडीतली अर्धी माणसं तिच्या हातात जन्मली, आणि तरी कुणी आजारी बरं झालं की श्रेय जायचं देवळातल्या गाऱ्हाण्याला, आणि कुणी दगावलं की बोट यायचं तिच्याकडे. त्या मावशीच्या जागी मला आजी दिसत राहिली. हात आवरण्याचं शहाणपण शिकवणारं पुस्तक या एका ठिकाणी शहाणपणाने गप्प बसलेलं नाही, नुसतंच गप्प बसलं आहे.

पण बाईंनी ते तसं सोडलं नाही. अर्थसीच्या गोष्टींचा तिसरा भाग १९७२ मध्ये आला आणि मालिका संपली असं सगळ्यांना वाटलं. मग १९९० मध्ये, अठरा वर्षांनी, चौथा भाग आला, 'तेहानू'. त्यात गेडची जादू संपलेली आहे. ओगियन सुरुवातीलाच मरण पावतो. गोष्ट आहे मध्यमवयीन विधवा टेनारची, आणि आगीत टाकलेल्या, अर्धा चेहरा जळालेल्या एका मुलीची. शेळ्या, भांडी, कपडे, दाराला कडी आहे की नाही याची काळजी. अनेक वाचक तेव्हा नाराज झाले. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर ते वाचलं, घर, शाळा, सासूबाईंचं आजारपण यांच्यामध्ये, आणि मला एक शब्दही लांबचा वाटला नाही. लेखिकेने स्वतःच्या जगात परत जाऊन त्याच बेटावर, त्याच घरात, पूर्वी जिथे बघितलं नव्हतं तिथे बघितलं. जादूगार म्हातारा होण्याआधी कोण होता, या प्रश्नाने सुरुवात केलेल्या बाई शेवटी विचारत होत्या, म्हातारा झाल्यावर तो चुलीजवळ कसा बसतो आणि भांडी कोण घासतं. ताकद गेलेल्या गेडला त्या घरकाम शिकवतात. मला तो गेड ड्रॅगन बांधणाऱ्या गेडपेक्षा जास्त प्रिय आहे.

निवृत्तीनंतर मी शनिवारी वाडीतल्या मुलांना गोष्टी सांगते. या पावसाळ्यात अर्थसी घेतलं आहे. नकाशा मोठा करून भिंतीवर लावला, तर मुलांनी पहिल्याच दिवशी त्यावर कुठे जेटी हवी आणि कुठून वारा येईल यावर वाद घातला. गेल्या खेपेला आम्ही रोकच्या शाळेपर्यंत आलो. सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, या शाळेत मुली का नाहीत?"

मी म्हटलं, लिहिणाऱ्या बाईंनाही पुढे हा प्रश्न पडला, म्हणून त्यांनी चौथं पुस्तक लिहिलं.

"कधी?"

"पहिल्यानंतर बावीस वर्षांनी."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "एवढे दिवस थांबायचं कशाला? आपण ते आधी वाचूया."

बाकीच्यांना ड्रॅगन हवा होता. बराच गोंधळ झाला आणि शेवटी असं ठरलं की ड्रॅगन होईपर्यंत पहिलं पुस्तक, आणि प्रत्येक वेळी शेवटची पंधरा मिनिटं 'तेहानू'. म्हणजे शनिवारपर्यंत मला त्याची पहिली दोन प्रकरणं मराठीत सांगता येतील अशी करून ठेवायची आहेत. त्या मुलीला आगीत कुणी टाकलं आणि का, हे दहा-अकरा वर्षांच्या पोरांना किती सांगायचं, ते अजून ठरत नाही. विचारणारी आहे ती गप्प बसणार नाही, तेव्हा काहीतरी खरं सांगावं लागेल.